आचार्य धर्मानंद कोसंबी : पदवी नसलेला विद्यापीठांचा आचार्य



विद्यापीठ हा शब्द इतरांच्या घरांत नुसता परीक्षा आणि सर्टिफिकेट यांच्याशी जोडलेला असतो. आपल्या घरांत तो फार जड शब्द आहे. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत आपल्या समाजाने काय काय सोसलं ते ज्येष्ठांना सांगायला नको. माणसं गेली, घरं जळाली, तरुण पोरं तुरुंगात गेली. एका विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी एवढं का, असं तेव्हा बाहेरचे लोक विचारायचे. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं गेलं त्यांनाच त्या पाटीची किंमत कळते.

म्हणून या अंकात विद्यापीठांशी जोडलेली एक फारशी माहीत नसलेली गोष्ट सांगायचं आम्ही ठरवलं. ही गोष्ट एका अशा माणसाची आहे, ज्याच्याकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तो मॅट्रिकसुद्धा झाला नव्हता. पण कलकत्ता, मुंबई, अमेरिकेतलं हार्वर्ड, रशियातलं लेनिनग्राड, गुजरात आणि काशी एवढ्या ठिकाणच्या विद्येच्या घरांत त्याच्या पावलाचे ठसे आहेत. त्यांचं नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

आपल्या विहारातली मुलं कधी कधी गमतीने म्हणतात, की आम्ही रोडपालीचे, म्हणून आम्हाला पाली येते! आपल्याच रायगड जिल्ह्यात सुधागड तालुक्याचं पाली गाव आहे, तीही मंडळी असंच म्हणत असतील. गावाच्या नावातली पाली वेगळी आणि तिपिटकाची पाली वेगळी. तरी मुलांच्या गमतीतून एक प्रश्न निघतो. बारशापासून लग्नापर्यंत आणि शेवटच्या वाटेलाही आपण जी पाली भाषा म्हणतो, ती महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांत आली कशी? ती इथे जन्मापासून नव्हती. कुणीतरी ती पायी चालत जाऊन आणली आहे.

साखवाळचा मुलगा

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या खेड्यात धर्मानंदांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घर गौड सारस्वत ब्राह्मणांचं, नारळीच्या बागायतीवर चालणारं. शिक्षण म्हणाल तर गावच्या मराठी शाळेतलं, तेही तुटकतुटक. प्रकृती नाजूक. त्या काळच्या रीतीप्रमाणे चौदा-पंधराव्या वर्षीच लग्न झालं. पत्नीचं नाव बाळाबाई.

शिकायची भूक मात्र मोठी होती. मिळेल ते मराठी पुस्तक, मिळेल ते मासिक ते वाचून काढत. अशातच बालबोधमेवा नावाच्या मुलांच्या मासिकातला भगवान बुद्धांवरचा एक लेख त्यांच्या हाती पडला. हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचं होतं. बघा, बुद्धांच्या या भूमीत बुद्धांची ओळख एका मराठी मुलाला परक्या धर्माच्या मासिकातून व्हावी! तेव्हा महाराष्ट्रात बुद्ध इतका विसरला गेला होता. लेणी होती, पण त्यांना लोक पांडवांनी खोदलेली म्हणत. स्तूप होते, पण ते कुणाचे हे गावाला ठाऊक नव्हतं.

त्या एका लेखाने या तरुणाच्या मनाची पकड घेतली. बुद्धांचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, हे त्याने ठरवलं.

१८९९ च्या अखेरीला त्यांनी घर सोडलं. वय तेवीस. मुलगी माणिक तान्ही होती. इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. थोर माणसाची गोष्ट सांगताना घर सोडलं हे वाक्य आपण पटकन लिहून टाकतो. पण त्या वाक्याच्या मागे एक बाई आणि एक तान्हं लेकरू उभं असतं. बाळाबाईंनी ती वर्षं कशी काढली असतील, याचा विचार आपल्या उपासिकांनी तरी नक्की करावा. धर्मानंदांची तपश्चर्या मोठी होती, पण तिचा अर्धा भार या माउलीने उचलला, असं आम्हाला वाटतं.

पायी चालून मिळवलेली पाली

आधी ते पुण्याला गेले. बुद्धाचे ग्रंथ वाचायचे तर निदान संस्कृत यायला हवं, म्हणून त्यांनी संस्कृत शिकायला सुरुवात केली. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ओळख झाली. भांडारकर म्हणजे त्या काळातले मोठे विद्वान, मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू. ही ओळख पुढे फार कामाला आली.

पुण्याहून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून, मिळेल तिथे राहून त्यांनी शास्त्र्यांकडे संस्कृतचा अभ्यास केला. तरी मनातला बुद्ध काही भेटेना. मग १९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूला, तेव्हा तिथे धम्म जिवंत असेल अशी आशा होती. पण तिथली स्थिती पाहून निराशा झाली. तिथून बुद्धगयेला आले. तिथे त्यांना कळलं, की मूळ धम्म वाचायचा तर पाली शिकावी लागेल आणि पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जावं लागेल.

कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते कोलंबोला पोहोचले. तिथे विद्योदय परिवेण नावाची भिक्खूंची पाठशाळा होती, १८७३ साली स्थापन झालेली. तिचे प्रमुख हिक्कडुवे सुमंगल महास्थविर. धर्मानंदांनी त्यांच्या हातून श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. बोली वेगळी, जेवण वेगळं, हवा मानवत नव्हती. तरी चिकाटी सोडली नाही.

ज्या पाठशाळेत चटईवर बसून धर्मानंद पाली शिकले, त्या विद्योदय परिवेणाचं १९५९ साली विद्यापीठ झालं. आज ते श्री जयवर्धनपुर विद्यापीठ या नावाने श्रीलंकेतलं एक मोठं विद्यापीठ आहे. महाराष्ट्राच्या पालीचं मूळ असं एका भिक्खुशाळेत आहे.

श्रीलंकेहून ते मद्रास, ब्रह्मदेश, कुशिनारा असे फिरत राहिले. ब्रह्मदेशात भिक्खुजीवन जगले, ध्यानसाधना केली. जवळ पैसा नाही, ओळखीचं कुणी नाही, पायात धड वहाण नाही. साधारण सात वर्षांच्या या भटकंतीतून त्यांनी जे जमवलं, ते कुठल्याच कॉलेजात तेव्हा मिळत नव्हतं.

कलकत्त्याची नोकरी आणि बडोद्याचे पन्नास रुपये

१९०६ साली ते कलकत्त्याला परतले. तो वंगभंगाच्या चळवळीचा काळ. सरकारी शिक्षणावर बहिष्कार घालून लोकांनी स्वतःचं राष्ट्रीय महाविद्यालय काढलं होतं. अरविंद घोष त्याचे प्राचार्य. तिथे धर्मानंद पालीचे शिक्षक झाले. शिकवण्यासाठी त्यांनी चीवर उतरवलं आणि गृहस्थाश्रमात परत आले. ज्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने हे महाविद्यालय काढलं, तिच्यातूनच पुढे १९५५ साली जादवपूर विद्यापीठ उभं राहिलं. पुढे कलकत्ता विद्यापीठातही त्यांना पाली शिकवण्याचं काम मिळालं. बाळाबाई आणि माणिक यांची आणि त्यांची इतक्या वर्षांनी भेट झाली. १९०७ साली मुलगा दामोदर जन्मला.

आता खरं तर आयुष्य मार्गी लागलं होतं. पण मनात एक सल होता. बंगालमध्ये पाली आली, मग आपल्या महाराष्ट्राचं काय? मराठी माणसाला बुद्ध कोण सांगणार?

अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड पुढे आले. धर्मानंदांनी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहावं, वर्षाला एक पुस्तक लिहावं, म्हणजे बडोदा सरकार त्यांना तीन वर्षं महिना ५० रुपये देईल, अशी व्यवस्था झाली. कलकत्त्याचा पगार याहून पुष्कळ जास्त होता. तो सोडून १९०८ साली त्यांनी हे पन्नास रुपये पत्करले. घरात बायको, दोन लेकरं. आपल्यापैकी कितीजण असं करतील? आम्ही तरी आधी दहा वेळा विचार करू.

सयाजीराव महाराजांचं नाव आपल्या घरांत परकं नाही. याच महाराजांनी तरुण भीमरावांना कॉलेजसाठी मदत केली आणि १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. एकाच तिजोरीतून निघालेला पैसा एका हाताने मराठीत बुद्ध आणत होता आणि दुसऱ्या हाताने बुद्धाकडे समाजाला नेणारा महामानव घडवत होता. तेव्हा हे त्या दोघांना माहीत नव्हतं आणि महाराजांनाही नव्हतं.

हार्वर्डची चार दारं

आता या गोष्टीतला सगळ्यात अचंब्याचा भाग.

अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ १६३६ सालचं. तिथे हेन्री क्लार्क वॉरन नावाचे एक गृहस्थ होते. लहानपणी पडल्यामुळे पाठीचा कणा कायमचा दुखावलेला. उभं आयुष्य वेदनेत गेलं. पण या माणसाने पाली शिकून विसुद्धिमग्ग हा ग्रंथ संपादित करायला घेतला. विसुद्धिमग्ग म्हणजे पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपूरला लिहिलेला महाग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा यांवरची तेवीस प्रकरणं. सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखितं शब्दाशब्दाने पडताळून शुद्ध पाठ तयार करायचा, असं ते काम. १८९९ मध्ये वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिलं.

हे काम पुरं करायला माणूस मिळेना. हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स हिंदुस्थानात आले असताना त्यांची धर्मानंदांशी गाठ पडली. त्यांनी धर्मानंदांचं नाव आपले सहकारी प्राध्यापक लॅनमन यांना सुचवलं. आणि १९१० साली साखवाळच्या शाळेतला हा मुलगा बोटीने लंडनमार्गे अमेरिकेला निघाला. इंग्रजी त्यांनी मोठेपणी, स्वतःच्या खटपटीने शिकलेली. हातात पदवीचा कागद नाही. पण हार्वर्डला जे येत नव्हतं ते त्यांना येत होतं.

तिथे त्यांनी मान मोडून काम केलं. पण पुढे वाद झाला. ग्रंथावर संपादक म्हणून नाव कुणाचं, यावरून लॅनमन आणि धर्मानंद यांचं बिनसलं. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हे धर्मानंदांना मान्य नव्हतं. आपल्या समाजाला हा अनुभव समजावून सांगायला नको. १९१२ च्या सुरुवातीला ते काम तसंच सोडून परत आले. परक्या देशात, दुसऱ्याच्या पैशावर गेलेला माणूस स्वाभिमानासाठी उठून येतो, ही साधी गोष्ट नाही.

पण धर्मानंदांशिवाय ते काम हलेना. हार्वर्डने त्यांना पुन्हा बोलावलं. १९१८ ते १९२२ ते तिथे राहिले. या वेळी माणिक आणि दामोदर या दोन मुलांना बरोबर नेलं, बाळाबाई मागेच राहिल्या. माणिक तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. त्या काळात मराठी मुलीने अमेरिकेत कॉलेज शिकणं किती दुर्मिळ होतं, विचार करा. तिसऱ्यांदा ते १९२६-२७ मध्ये गेले, चौथ्यांदा १९३१-३२ मध्ये. मुलगा दामोदर १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजलेले डी. डी. कोसंबी. बाप पदवीशिवाय हार्वर्डला शिकवणाऱ्यांच्या रांगेत, मुलगा तिथला उत्तम पदवीधर, अशी ही जोडी.

आणि त्या ग्रंथाचं काय झालं? हार्वर्डचा रोमन लिपीतला विसुद्धिमग्ग छापून निघायला १९५० साल उजाडलं. संपादक वॉरन, सुधारक धर्मानंद कोसंबी, अशी नावं त्यावर आली. तेव्हा लॅनमनही नव्हते आणि धर्मानंदही नव्हते. पण धर्मानंदांनी वाट बघत बसणं पसंत केलं नव्हतं. त्यांनी १९४० सालीच मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे विसुद्धिमग्ग देवनागरीत छापून आणला होता. म्हणजे हार्वर्डच्या आवृत्तीच्या आधी तो आपल्या अक्षरांत आपल्यासमोर आला.

मुंबई विद्यापीठात पाली

हार्वर्डची पहिली फेरी संपवून आल्यावर १९१२ ते १९१८ ही सहा वर्षं धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९४९ साली. तोपर्यंत पुण्याची कॉलेजंही १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाखालीच होती. त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळावी म्हणून धर्मानंदांनी खटपट केली आणि डॉ. भांडारकरांनी आपलं वजन खर्च केलं. तेव्हा कुठे पाली कॉलेजच्या वर्गात आली.

त्या वर्गातून जी माणसं निघाली, त्यांची नावं आपण ऐकायला हवीत. चिंतामण वैजनाथ राजवाडे यांनी दीघनिकायाच्या पहिल्या भागाचं मराठी भाषांतर केलं. ना. के. भागवत मुंबईत पाली शिकवू लागले आणि मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत त्यांनी एकामागून एक पाली ग्रंथ संपादित केले. पु. वि. बापट यांनी गुरूंच्या मागोमाग हार्वर्ड गाठलं आणि तिथली डॉक्टरेट मिळवली. १९५६ साली बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षी भारत सरकारने बौद्ध धम्माच्या इतिहासावर जो ग्रंथ काढला, त्याचे संपादक हेच बापट.

आपल्या पनवेलच्या कॉलेजांत जाणारी मुलं मुंबई विद्यापीठाचीच विद्यार्थी आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत ती बस पकडतात, तेव्हा ती ज्या विद्यापीठाच्या परीक्षेला निघालेली असतात तिथे पालीचं दार कुणी उघडलं हे त्यांना माहीत असावं, एवढीच आमची इच्छा.

गिरणगावातला विहार

धर्मानंद एका जागी बसणारे नव्हते. १९२२ नंतर काही वर्षं ते महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात अहमदाबादला होते. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन बौद्ध विद्येच्या संस्थेत राहिले. १९३० साली परत येऊन मिठाच्या सत्याग्रहात पडले आणि तुरुंगात गेले. मग काही काळ काशीला काढला. तिथल्या मुक्कामात त्यांनी हिंदी संस्कृति आणि अहिंसा हे पुस्तक लिहिलं. ते १९३५ साली निघालं.

आणि १९३७ साली ते मुंबईत परळला आले. कामगार आणि अस्पृश्य मानलेल्या वस्तीतल्या लोकांना बुद्ध सांगावा म्हणून तिथे एक विहार बांधला गेला. पैसे जुगलकिशोर बिर्लांनी दिले. नाव ठेवलं बहुजन विहार. हा काळ लक्षात घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केलेली. मे १९३६ मध्ये मुंबईत नायगावला महार परिषद झालेली. सगळा गिरणगाव या प्रश्नाने ढवळून निघाला होता. हार्वर्ड पाहिलेला हा पंडित नेमका त्याच वस्तीत येऊन राहिला. काही काळाने त्यांनी तो विहार सोडला. पण आपल्यापैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा परळ, नायगाव, वरळीच्या चाळींत राहिले, त्यांच्या शेजारी धम्मदीक्षेच्या जवळजवळ वीस वर्षं आधी एक विहार उभा होता, ही गोष्ट आम्हाला स्वतःलाही उशिरा कळली.

मग ते आपले कसे?

स्मरणिकेत हा लेख द्यायचं ठरलं तेव्हा आमच्यातच प्रश्न निघाला. धर्मानंद गांधीजींचे, आपण बाबासाहेबांचे. ते जन्माने ब्राह्मण. मग त्यांचं चरित्र आपल्या विहाराच्या अंकात कशाला? प्रश्न खोटा नाही. त्यांची राजकीय वाट वेगळी होती आणि ती आम्हाला झाकायची नाही. पण उत्तर शोधायला आम्ही त्यांचं भगवान बुद्ध हे पुस्तक उघडलं.

हे पुस्तक १९४०-४१ मध्ये दोन भागांत निघालं. लहानपणापासून आपण ऐकत आलो, की सिद्धार्थाने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिलं, संन्यासी पाहिला आणि घर सोडलं. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे धर्मानंदांना पटेना. त्यांनी सुत्तनिपातातलं अत्तदण्डसुत्त पुढे ठेवलं. त्यात माणसं थोड्या पाण्यातल्या माशांसारखी एकमेकांशी झगडताना पाहून आपल्याला भय वाटलं, असं बुद्ध सांगतात. या धाग्याने जाऊन धर्मानंदांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे बोट दाखवलं. पुढे बोधिसत्त्व या आपल्या नाटकातही त्यांनी हाच प्रसंग रंगवला.

आता बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म काढा. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर तो प्रसिद्ध झाला. त्यातही चार दृश्यांची कथा बाजूला ठेवलेली आहे. तिथे सिद्धार्थ शाक्य संघात उभा राहून रोहिणीच्या पाण्यासाठी होणाऱ्या युद्धाला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून देशत्याग पत्करतो. दोघांची राजकीय वाट वेगळी, पण त्रिपिटक उघडल्यावर दोघेही एकाच नदीच्या काठावर येऊन थांबले. पाण्यासाठी माणसाने माणसाशी वैर करणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं इथेच पेटलं होतं.

आणि पालीचं म्हणाल तर बाबासाहेबांनी स्वतः पालीचा व्यासंग केला, पालीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. तो त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात आहे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. २० जून १९४६ ला मुंबईत कॉलेज सुरू केलं, त्याला नाव दिलं सिद्धार्थ. औरंगाबादच्या कॉलेजाला पुढे नाव मिळालं मिलिंद, म्हणजे मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणारा राजा. एकाने विद्यापीठात पालीला जागा मिळवली. दुसऱ्याने त्या विद्यापीठात आपल्या मुलांना जागा मिळवली. दुसरं झालं नसतं तर पहिल्याचा आपल्याला काही उपयोग नव्हता, हेही तितकंच खरं.

शेवट

धर्मानंदांचा शेवट आम्हाला जड जातो. म्हातारपणी त्वचेच्या विकाराने ते बेजार झाले होते. आपण कुणावर भार होऊ नये, म्हणून अन्नत्याग करून देह ठेवावा असं त्यांनी ठरवलं. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी अभ्यास केला होता, त्याची छाया या निर्णयावर होती. १९४६ साली त्यांनी उपवास सुरू केला, तो गांधीजींच्या सांगण्यावरून थांबवला. नंतर सेवाग्राम आश्रमात पुन्हा सुरू केला आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. वय सत्तर. तथागतांनी उरुवेलेला देहदंडाचा मार्ग सोडून मध्यम मार्ग धरला. म्हणून हा शेवट आम्हाला पटत नाही आणि आदरासकटसुद्धा तो आदर्श म्हणून आम्ही मुलांपुढे ठेवणार नाही. माणूस मोठा असतो तेव्हाही त्याची प्रत्येक गोष्ट डोळे मिटून घ्यायची नसते. हे तर कालामांना तथागतांनीच शिकवलं.

पण त्यांचं पुस्तक जगलं. १९५६ साली, ज्या वर्षी नागपूरला आपल्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, साहित्य अकादमीतर्फे त्यांच्या भगवान बुद्ध या पुस्तकाचा हिंदी अनुवाद निघाला, मग इतर भाषांतही अनुवाद झाले. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी आजोबांचं निवेदन हे आत्मचरित्र आणि निवडक लेखन इंग्रजीत आणलं. त्याही २०१५ साली गेल्या.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेपरात मराठीचे मथळे मोठे होते, पालीची बातमी आत बारीक होती. आपल्याला मात्र त्या दिवशी दोन्हीकडून आनंद झाला. एक आपली घरची भाषा, एक आपल्या वंदनेची.

आता आमचं मागणं. आपल्या घरातली एखादी मुलगी किंवा मुलगा कॉलेजात पाली विषय घेतो म्हणाला, की घरात पहिला सवाल येतो, की त्याचा उपयोग काय, नोकरी मिळेल का? आई-बापांनो, तुमची काळजी आम्हाला कळते. हप्ते आहेत, भाडं आहे, ती काळजी खोटी नाही. पण नाही म्हणण्याआधी साखवाळच्या त्या मुलाची एकदा आठवण काढा. त्याला कुणी वर्ग दिला नव्हता, पुस्तक दिलं नव्हतं, फी भरली नव्हती. त्याने समुद्र ओलांडून जे आणलं, ते आज आपल्या मुलांना बसच्या तिकिटात मिळतं. निदान विहारात रविवारी वंदना म्हणताना एका तरी गाथेचा अर्थ घरी मुलांना समजावून सांगा. स्वतःला येत नसेल तर त्यांच्याबरोबर शिका. लाज कसली? धर्मानंदही पाली शिकायला बसले तेव्हा पंचविशी ओलांडलेले, दोन जिवांना मागे ठेवून आलेले गृहस्थ होते.

सर्व उपासक-उपासिकांना वर्धापनदिनाच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!